गोळी फुकट आहे, खाडा फुकट नाही

प्रति,
माननीय प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई
आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी

विषय : ऊसतोडीला जाणाऱ्या एचआयव्हीबाधितांना हंगामभराची औषधं मिळणं आणि आमच्या आधार गटांना मान्यता मिळणं

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर भांडीकुंडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी, लेकरं आणि वरून ताडपत्री. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरला, कोणी पुण्याकडे, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात राहायचं. चार-पाच महिने तर धरूनच चालायचे, कधी सहाही होतात. हे आपल्याला ठाऊकच असेल. पण त्या ट्रॉलीवरच्या एखाद्या बोचक्यात, पिठाच्या डब्याच्या तळाशी, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या असतात. डबी वाजू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबलेला असतो, नाहीतर गोळ्या डबीतून काढून पानसुपारीच्या पिशवीत बांधलेल्या असतात. आम्ही सांगतो की बाई, डबीतून काढू नकोस, ओल लागते, आतली ती छोटी पुडी त्यासाठीच असते. तिचं म्हणणं असतं की डबी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दिसली तर सगळ्या टोळीला कळेल. दोघींचंही खरं असतं.

मी बीड जिल्ह्यातली. २००९ पासून एआरटीवर आहे. गेली काही वर्षं फिल्डवर काम करते, म्हणजे ज्यांची तारीख चुकली त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. पत्राखाली नाव लिहिणार नाही. माझं मला काही वाटत नाही, माझं गावाला माहीत आहे. पण माझ्या नावावरून गटातल्या बाकीच्या पाच जणांपर्यंत पोचता येतं, आणि त्यांनी मला तेवढी मुभा दिलेली नाही.

आधी जे मिळालं त्याबद्दल बोलते. १ एप्रिल २००४ ला सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. माझ्या नवऱ्याला ती गोळी मिळाली नाही. मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या एसटीवर होती आणि असं काही औषध मिळतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तो २००६ मध्ये गेला. माझी वेळ आली तोवर केंद्र जवळ आलं होतं. पण त्या काळी सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरावीक आकड्याखाली घसरल्याशिवाय गोळी सुरू होत नसे आणि सुरू झाली ती स्टॅव्हुडिनवाली. सकाळ-संध्याकाळ घ्यायची. तिनं जीव वाचवला, पण गाल बसवले. पाय रात्रभर जळायचे. पुढे पुढे गावात गाल पाहूनच लोक ओळखायला लागले. आज दिवसाला एक गोळी आहे, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर तिन्ही एकात. २०१७ पासून तपासणीत आलं की लगेच उपचार सुरू होतात, सीडी फोर पडायची वाट पाहावी लागत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला राहिला तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आम्ही आता छातीठोकपणे सांगतो. ज्या गोष्टीसाठी आम्ही एकेकाळी देवळांच्या पायऱ्या झिजवल्या, ती आज सरकारी खिडकीवर फुकट मिळते. मी हे विसरलेली नाही.

पण गोळी फुकट असली तरी तिच्यापर्यंत जाणं फुकट नसतं. फडात एक दिवस कामावर गेलं नाही तर त्याला खाडा म्हणतात. मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड कापून घेतो, तो अनेकदा दिवसाच्या कमाईहून जास्त असतो. कोयता जोडीचा. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की दोघांनी भरायचं. बायको तालुक्याला गेली की नवऱ्याचाही दिवस अर्धा होतो. मग मुकादम विचारतो, कुठं चाललीस? दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास कुठं चाललीस? पहिल्या महिन्यात मावशी वारली, दुसऱ्या महिन्यात दात दुखतो. तिसऱ्या महिन्याला सांगायला काही उरत नाही. मी एकीला फोनवर विचारलं, कामून गेली नाहीस ग? ती म्हणाली, "ताई, लई खोटं बोलून झालं. आता कुणाला मारू?"

केंद्राच्या रजिस्टरला तिच्या नावापुढे 'मिस' असा शेरा पडला.

९५-९५-९५ चं उद्दिष्ट आमच्या बैठकांत भिंतीवर लावलेलं असतं. शंभरातल्या पंच्याण्णवांना आपली स्थिती कळावी, त्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांवर उपचार सुरू असावेत आणि त्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. आमच्याकडे पहिला टप्पा झालेला असतो. दुसरा सप्टेंबरपर्यंत ठीक असतो. नोव्हेंबर ते मार्च त्याला गळती लागते आणि ज्यांची गोळी तुटते त्यांचा तिसरा टप्पा उन्हाळ्यातल्या तपासणीत दिसतो. मग समुपदेशक त्या बाईला विचारतात, गोळीचं महत्त्व कळत नाही का? तिला ते कोणाहीपेक्षा जास्त कळतं. तिनं घरातली दोन माणसं त्यापायी पुरलेली असतात.

हंगामापुरतं तिकडच्या केंद्रात नाव लावता येतं. उपचारांची नोंद असलेलं हिरवं पुस्तक दाखवून वाटेतल्या केंद्रावर गोळ्या घेता येतात. ही सोय चांगली आहे, आम्ही तिचा वापर करतोही. पण टोळी एका जागी राहत नाही. आज या शिवारात, पंधरा दिवसांनी तीस किलोमीटरवर. निघताना कुठल्या तालुक्यात कोपी पडणार हे बाईला सांगता येत नाही, कारण ते मुकादमालाही नीट माहीत नसतं. शिवाय नव्या ठिकाणी नवा माणूस समोर बसतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, कधी झालं, कसं झालं, नवरा कशानं गेला. आमच्या बायका त्या एका प्रश्नाच्या भीतीनं केंद्राच्या दारातून परत फिरलेल्या आहेत.

आता गटाबद्दल सांगते, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

आमचा गट कोणी स्थापन केला नाही. केंद्रावरच्या रांगेत तो झाला. पहाटेची गाडी धरून आलेल्या बायका एकाच बाकावर बसायच्या, डबा एकत्र खायच्या. त्यातल्या एकीनं मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की पाय जळतात ते डॉक्टरांना सांग, सोसू नकोस, गोळी बदलून मिळते. तिनं ते सांगितलं नसतं तर मी औषध सोडलं असतं. पुढे एकीला ताप आला तेव्हा दुसरीनं तिचं पुस्तक नेऊन विचारलं, मी घेऊन जाऊ का? त्या दिवशी खिडकीवरच्या फार्मासिस्टनं गोळ्या दिल्या. तिथून सुरुवात झाली. आम्ही सहा जण, पाच बाया आणि एक बाप्या, सहा वेगवेगळ्या गावांचे. ज्याची पाळी त्यानं जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची, बाकीच्यांच्या डब्या आणायच्या. बाजाराच्या दिवशी भेटायचं. डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, खोकला आहे का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का विचारायचं. टीबीची शंका आली तर पुढच्या खेपेला त्यालाच पाठवायचं, मग त्याची पाळी असो वा नसो.

हे आम्ही शोधून काढलं असं मला वाटत होतं. नंतर एका प्रशिक्षणात कळलं की आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात टेटे नावाच्या प्रांतात २००८ मध्ये हेच सुरू झालं होतं. तिथेही केंद्र लांब, गाडीभाडं जड, रांग दिवसभराची. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या लोकांनी रुग्णांनाच विचारलं की काय करू या, आणि त्यातून सहा-सहा जणांचे गट झाले. एकानं जायचं, सगळ्यांची औषधं आणायची. म्हणजे प्रत्येकाला सहा महिन्यांतून एकदा केंद्राची पायरी चढावी लागली. पुढे तिथल्या सरकारनंच हे गट देशभर नेले. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शात २००७ पासून तीसेक जणांचे क्लब चालले. दोन महिन्यांनी जमायचं, वजन करायचं, तक्रार विचारायची, आधीच बांधून ठेवलेली पाकिटं घेऊन घरी जायचं. आमच्या बाजारात बसलेल्या बाईला आणि टेटेच्या बाईला एकच गोष्ट सुचावी, याचं मला फार बरं वाटलं. लांब कशाला, आपल्या सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांनी नव्वदच्या दशकातच दाखवून दिलं आहे की आपल्यातल्याच बाईनं सांगितलेलं जितकं आत उतरतं तितकं बाहेरच्या कोणी सांगितलेलं उतरत नाही.

आणि हे सांगणं म्हणजे नुसता धीर देणं नसतं. मागच्या हंगामाआधीची गोष्ट. गटातली एक जण अंगात रक्त कमी म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेत होती, एआरटीच्या गोळीबरोबरच, रात्री उपाशीपोटी, एकाच घोटात. आशाताईंना तिचं माहीत नव्हतं आणि माहीत असू नये हीच तिची इच्छा होती. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटात अडवतात, औषध पुरेसं अंगी लागत नाही. एआरटीची गोळी आधी घेऊन लोहाची दोन तासांनी घ्यायची, आणि लोहाची आधी झाली असेल तर सहा तास थांबायचं. नाहीतर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या. हे तिला गटात गोळ्या मोजताना कळलं, कारण तिच्या पिशवीतून लाल गोळ्याही पडल्या. तसंच टीबीचं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असलं की डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. दोन खिडक्यांवरून औषधं घेणाऱ्या माणसाला हे कोणीतरी जवळ बसून सांगावं लागतं, आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात विचारावं लागतं.

गटांची दुसरी बाजूही लिहिते, ती लपवून उपयोग नाही. आमच्या ओळखीचा एक गट मोडला. एका प्रकल्पाच्या माणसानं सोयीसाठी एकाच गावातले पाच जण एकत्र बांधले होते. दोन भावकीतले निघाले, जमिनीचा वाद होता, भांडण झालं आणि भांडणात एकीचं नाव चव्हाट्यावर आलं. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आमची माहिती आमच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. पण पारावर उघड झालेली गोष्ट कुठला कायदा परत झाकणार? म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की नकाशा पुढे ठेवून गट पाडू नका. कोणाशी बसायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या आणि ज्याला एकट्यानंच यायचं आहे त्याची खिडकी उघडी ठेवा.

टाळेबंदी आठवा. मार्च २०२० मध्ये हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांच्या हद्दीत अडकून पडले, गावी परतायला एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडला. तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमातूनच सूचना आल्या की रुग्णांना एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्या, शक्य तिथे घराजवळ पोचवा. आमच्या गटातली दोघं तेव्हा फडात होती. त्या जिल्ह्यातल्या एका समुपदेशकाचा नंबर मिळाला. त्या माणसाला आम्ही आजवर पाहिलेलं नाही. तो पोलिसांचे नाके पार करत मोटारसायकलवर उसाच्या फडापर्यंत गेला आणि बिस्किटांच्या पिशवीत डब्या देऊन आला, टोळीत कोणाला कळलंही नाही. एकाही दिवसाची गोळी चुकली नाही. म्हणजे हे करता येतं. आपल्याच यंत्रणेनं ते करून दाखवलं आहे, साथीच्या सर्वांत वाईट महिन्यांत.

म्हणून माझी पहिली मागणी हंगामाची आहे. ज्यांचा व्हायरल लोड दबलेला आहे आणि जे ऊसतोडीला निघाले आहेत, त्यांना निघतानाच हंगामभराच्या डब्या द्या. उपचारावर स्थिरावलेल्या माणसाला तीन ते सहा महिन्यांची, शक्यतो सहा महिन्यांची औषधं एकदम द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमचा हंगाम नेमका त्याच मापाचा आहे. सप्टेंबरात व्हायरल लोड करून घ्या, दसऱ्याआधी डब्या द्या, मधल्या काळात फोनवर आम्ही गोळ्या मोजून घेऊ, पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत आली की पुन्हा तपासा. यात गोळ्या जास्त लागत नाहीत. त्याच गोळ्या लवकर लागतात. केंद्रातली माणसं देत नाहीत असं नाही, पण साठाच महिन्याचा आला तर तीही काय करणार? २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्यापायी आमचे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून जास्त बसले होते, ते आम्ही फोनवर बघत होतो आणि आपापल्या डब्यांतल्या गोळ्या मोजत होतो. बीडसारख्या, जिथून माणसं बाहेर जातात अशा जिल्ह्यांचं मागणीपत्र ऑगस्टमध्येच या स्थलांतराचा हिशेब धरून गेलं तर ऑक्टोबरात खिडकीवर नकार ऐकावा लागणार नाही.

दुसरं म्हणजे गटाला कागदावर जागा द्या. आज माझी मैत्रीण माझं पुस्तक घेऊन गेली तर गोळ्या मिळणं हे खिडकीवर त्या दिवशी कोण बसलं आहे त्यावर असतं. एकजण ओळखतो, देतो. त्याची बदली झाली की नवा म्हणतो, ज्याचं त्यानं या. मला त्यांचा राग येत नाही, उद्या चौकशी झाली तर त्यांच्या हातात काय आहे? लेखी संमती घ्या, गटातल्या सहा जणांची नोंद करा, पण एकदा नियम म्हणून लिहून द्या.

आणि एसटीचं. एचआयव्हीबाधितांना साध्या आणि निमआराम गाडीत पूर्ण सवलत आहे. ज्यानं ती दिली त्याचा हेतू चांगला होता. पण कंडक्टर आमच्याच तालुक्याचा असतो. भरल्या गाडीत त्याच्या हातात तो कागद द्यायचा म्हणजे सगळ्या गाडीला सांगणं. आमच्या बायका महिलांचं अर्धं तिकीट काढतात आणि गप्प बसतात. पुरुष पूर्ण काढतात. ही सवलत सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलियावाल्यांनाही आहे, मग सगळ्यांना एकाच रंगाचं, आजाराचं नाव नसलेलं ओळखपत्र द्यायला काय हरकत आहे? महामंडळाशी एवढं एकदा बोलून घ्यावं.

शेवटी फिल्डवरच्या माणसांबद्दल थोडं. २०१३ पासून एचआयव्हीबाधितांसाठी विहान प्रकल्पाची आधार केंद्रं आहेत, त्यांनी हरवलेली असंख्य माणसं परत आणली. पण प्रकल्पाचा काळ संपत आला की दर वेळी आमच्यापैकी कोण राहणार, कोण जाणार ही टांगती तलवार असते, आणि एका बाईच्या वाट्याला किती गावं येतात ते आपण एकदा दुचाकीवर बसून पाहावं. ज्या घरात पंधरा वर्षं कोणाला आत घेतलं नाही तिथे आम्हाला चहा मिळतो. ती ओळख तीन वर्षांच्या करारात बसत नाही. गटातला जो माणूस बाकीच्या पाच जणांसाठी दिवस मोडतो, त्याला निदान त्या दिवसाचं भाडं आणि मजुरी मिळावी. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवावं लागतं. दोन वेळा जेवणारं कुठलं घर त्यात बसतं?

आमच्या गटातले दोन कोयते यंदाही निघाले आहेत. एक कर्नाटकात जाणार, एक बहुतेक पंढरपूरच्या बाजूला. दोघींना केंद्रावरून दोन-दोन महिन्यांच्या डब्या मिळाल्या आहेत, म्हणजे डिसेंबरात दोघींना परत यावं लागेल किंवा माझ्याकडच्या कोणाला तरी डब्या घेऊन जावं लागेल. मी जाईन. पिशवी तयार आहे. पण कर्नाटकातल्या त्या फडाचा पत्ता अजून कोणालाच माहीत नाही, आणि तिच्याकडचा फोन मुकादमाच्या पोराचा आहे. तिच्या तारखेच्या आत आपल्याकडून काही कळलं तर बरं होईल.

आपली,
बीड जिल्ह्यातल्या एका आधार गटाची सभासद